पडद्यामागून दिसलेला चेअरमन

साठ्ये साहेबांच्या पिक्चरवर पुण्याच्या कुणी तरी जाडजूड पुस्तक काढलंय. पुतण्यानं आणून दिलं, चष्मा लावून वाचलं. आमच्या बीडकडच्या पब्लिकवर त्यात एकच ओळ हाय : 'ग्रामीण भागात त्यांच्या चित्रपटांना संमिश्र प्रतिसाद मिळाला.' संमिश्र म्हणं! माझे म्होरले दात त्या संमिश्रात गेले. लिवणाऱ्याला एकदा आमच्या तंबूच्या दारात उभा करायला पायजे होता, मंग कळलं असतं प्रतिसाद कशाला म्हणत्यात ते.

मी शहादेव. टुरिंग टाकीजच्या जीपवर भोंगा धरून गावोगाव बोंबलायचो आन सांजच्याला दारावर तिकिटं फाडायचो. ख्वाजा आमचा ऑपरेटर. गेवराईच्या नबी मिस्त्रीचा पोरगा, अंगानं काटकुळा, तोंडानं फटकळ. मशीनजवळ कुणी बिडी पेटवली की हातातला पाना फेकून मारायचा. एकदा मालकालाच लागला. मालक पाठ चोळत निघून गेला, कारण असा ऑपरेटर त्याला जिल्ह्यात दुसरा मिळाला नसता. पुस्तकात ख्वाजाचं नाव न्हाई, म्हणून मी सांगायला बसलो.

आधी आमच्या तंबूची रीत समजून घ्या. पडदा मधोमध टांगलेला. म्होरं खुर्च्या आन सतरंज्या, मागं नुसती माती. मागचं तिकीट निम्मं. पडद्याच्या कापडावर पाणी मारून ओलं केलं की चित्र आरपार दिसायचं, फकस्त मागच्यांना सगळं उलटं. उजव्याचं डावं, डाव्याचं उजवं. हिरो डाव्या हातानं जेवायचा. अक्षरं बी उलटी, पण वाचायला येत होतं कुणाला? बाया, मजूर, तांड्यावरचे लोक सगळे मागं. जन्मभर मागूनच पिक्चर बघितलेल्या म्हाताऱ्या होत्या आमच्याकडं. त्यांना कधी म्होरं बसवलं तर म्हणायच्या, आज उलटं लावलंय जणू.

बाहत्तरच्या दुष्काळात टाकीज बंद पडली. मी आन ख्वाजा तलवाड्याच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलतो. तिथंच साठ्ये साहेब क्यामेरा घेऊन आलते. त्यांचं जनरेटर बंद पडलं, ते ख्वाजानं चालू करून दिलं. मंग महिनाभर ते आमचे फोटो काढत होते. उन्हात बाया घण मारायच्या आन हे म्हणायचे, अजून एकदा, अजून एकदा. बाया बी हौसेनं मारायच्या. आपण पिक्चरमधी येणार म्हणून कुणी कुणी फाटकं लुगडं ठेवून शेजारणीचं चांगलं नेसून यायची.

दोन वर्षांनी, टाकीज परत सुरू झाल्यावर, तो पिक्चर तलवाड्याला आमच्याच तंबूत लागला. 'खडीचं गाव'. मी भोंग्यावर सांगितलं, तुमचाच पिक्चर, तुमीच हिरो, तुमीच हिरॉइन. तंबूला मुंगी शिरायला जागा उरली न्हाई. अर्धा तास कुणी खाकरलं बी न्हाई, जो तो आपलं तोंड कधी येतंय ते बघत होता. आन तोंडं आली ती पुण्याच्या नटांची, काजळी फासलेली. आमच्या सगळ्यांच्या पाठी होत्या. नुसत्या पाठी. एक म्हातारी उठली आन म्हणाली, माझं थोबाड कुठाय? तिनं मारलेला पैला दगड पडद्याला लागला. मंग म्होरून आन मागून दोन्हीकडून सुरू झालं. खडी फोडणारांचा नेम चुकत न्हाई. मागून आलेला एक दगड पडदा फाडून मशीनपाशी आला आन ख्वाजाची भुवई उकलली. रगत डोळ्यात उतरलं तरी त्यानं रीळ संपस्तोवर मशीन सोडली न्हाई. दोन खुर्च्या माझ्या पाठीत मोडल्या.

पुण्या-मुंबईच्या पेपरांत मात्र त्या पिक्चरला डोक्यावर घेतलं होतं. वास्तवाचं भीषण काव्य, असं लिवलं होतं. दिल्लीत बक्षीस मिळालं. साठ्ये साहेब हार घालून घ्यायला बीडला आले तवा आमची बी गाठ घेतली. पट्टी बांधलेल्या ख्वाजाला त्यांनी इचारलं, लोकांनी का मारलं? ख्वाजा म्हणाला, "साहेब, पाठी आमच्या घेतल्या आन तोंडं पुण्याहून आणली. मारतील न्हाई तर काय करतील?"

साहेबांनी ख्वाजाचा हात धरला आन म्हणाले, पुढच्या वेळी तोंड घेईन. इथंच ख्वाजा त्यांचा झाला. त्यांचा दुसरा पिक्चर विहिरीवरचा होता, एका बाईवरचा. परदेशात गाजला, आमच्या तंबूत कुत्रं आलं न्हाई, तरी ख्वाजा मालकाशी भांडून तो लावायचा. माझं डोकं फिरायचं. रिकाम्या खुर्च्यांना पिक्चर दाखवणारा येडा म्हणून मी त्याला शिव्या घालायचो.

तवर आमच्या भागात साखर कारखाना उभा राहिला होता. सहकारी. म्हंजे नावाला सगळ्यांचा आन खरा एकट्या विठ्ठलराव चेअरमनचा. लहानपणी बैलानं तुडवल्यानं विठ्ठलराव उजव्या पायानं लंगडायचा. काठी टेकीत चालायचा, आन ती काठी जेवढी जमिनीवर टेकायची त्याच्या दुप्पट माणसांच्या पाठीवर. पुन्हा एकदा पावसानं दगा दिला त्या साली नदीवरून सोसायटीची पाइपलाइन आली. गावोगावची पिकं वाळून गेली आन चेअरमनचा ऊस हिरवागार डुलत होता.

कारखान्यात गव्हाणीवर सटवा नावाचा गडी कामाला होता, सभासद बी होता. गव्हाण म्हंजे ऊस टाकायचा मोठा खड्डा, साखळी तो ऊस ओढून कटरच्या पात्यांखाली नेती. सटवा वार्षिक सभेत उभा राहिला आन त्यानं एवढंच इचारलं, सोसायटीचं पाणी कुणाच्या उसाला चाललंय? त्याला तिथंच खाली बसवला, कानशिलात हाणून. त्याच हंगामात तो गव्हाणीत पडला. त्याच्या बायकोला, बायडाबाईला, त्याला गोणपाटात बांधून दिला. तोंड वळखू येत न्हवतं, हातातल्या कड्यावरून तिनं वळखला. कागदावर लागलं, दारू पिऊन पाय घसरला. सटवानं जन्मात दारूला तोंड लावलं न्हवतं.

त्या दिवशी चेअरमन आन त्याचा माणूस बद्रीनाथ गव्हाणीच्या कठड्यावर चढताना दिसले होते, हे अर्ध्या कारखान्याला माहीत होतं. बोलायला एक तयार न्हवता. बायडाबाई फौजदाराकडं गेली, तहसीलला गेली, कारखान्याच्या गेटवर बसली. गेटवर तिला केस धरून फरपटत नेलं. तिला भरपाई नको होती, नोकरी नको होती. ती भेटंल त्याला म्हणायची, कुणी तरी एकानं उभं राहून म्हणा की त्याला ढकलला. मंग मी गप बसते.

ख्वाजानंच तिची आन साठ्ये साहेबांची गाठ घालून दिली. साहेब तिच्या घरी आले, घोंगडीवर बसले, तिच्या हातची भाकरी खाल्ली आन दिवसभर ऐकत राहिले. बायडाबाईनं सगळं सांगितलं, गोणपाट बी दाखवलं. जाताना साहेब तिच्या पाया पडले. म्हणाले, हे मी सगळ्या जगाला दाखवीन. ख्वाजाची छाती अशी फुगली होती की जसा काय त्योच पिक्चर काढणार हाय.

आन साहेबांनी काढला. 'गव्हाण'. तोंडं घेतली ह्या वेळी, शब्द बी आमचेच. पुण्याच्या पेपरांनी नाकं मुरडली. भडक हाय, प्रचारकी हाय, साठ्यांचा तोल गेला. जे त्यांना गोड लागलं त्याच्यावर आमी दगड मारले आन जे आमच्या काळजाला भिडलं ते त्यांना कडू लागलं. ह्याला तुमी संमिश्र म्हणा, मी तरी म्हणायचो न्हाई.

चकलांब्याला पैला खेळ लागला. बायडाबाई मागं मातीवर बसलेली. विठ्ठलराव जीप भरून माणसं घेऊन आला आन म्होरं सोफ्यावर बसला. कुऱ्हाडीचे दांडे घेऊन आलती माणसं, पिक्चर बंद पाडायलाच. सुरवातीला पाटी आली : यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत. मंग पडद्यावरचा चेअरमन आला, लंगडत. डाव्या पायानं. विठ्ठलराव टक लावून बघत राहिला आन खदाखदा हसला. त्यानं माणसांना सांगितलं, हा लंगडा निराळा हाय, आपला न्हाई, चालू द्या. वर चहा मागवला. मी दारात उभा होतो, माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पडद्यामागून गलका उठला. इठ्ठलराव, इठ्ठलराव हाय त्यो! शेकडो माणसं एका आवाजात. कावून तर त्यांना तो उजव्या पायानं लंगडताना दिसत होता, हुबेहूब. काल्पनिकची पाटी त्यांना उलटी दिसली होती, आन सुलटी दिसती तरी कुणी वाचली नसती.

विठ्ठलराव काठी टेकीत पडद्याच्या मागं गेला. त्यानं वर बघितलं आन त्याला त्योच दिसला. तोच पाय, तीच काठी, आन समोर गव्हाणीच्या कठड्यावर पाठमोरा उभा असलेला गडी. पडद्याच्या उजेडात सगळी माणसं पिक्चर सोडून त्याच्याकडं बघायला लागली. बायडाबाईनं उठून त्याचा सदरा धरला. त्यानं काठी तिच्या डोक्यात घातली. ती खाली पडली तरी तिच्या मुठीत सदऱ्याचा तुकडा होता.

मंग जे झालं ते झालं. मागच्या लोकांनी चेअरमनला मातीत लोळवला. त्याच्या माणसांनी दांडे चालवले, बायांवर, लेकरांच्या अंगावर पडलेल्या आयांवर. एकानं तंबूचे दोर तोडले. दांड्याचा एक घाव माझ्या तोंडावर बसला आन मी दात थुंकले. तिकडं बद्रीनाथ आन अजून दोघं मशीनकडं गेले. ख्वाजा मशीन बंद करायला तयार न्हवता. दिव्याच्या पेटीत कार्बनच्या कांड्या जळत्यात, त्या पेटीचा पत्रा तव्यावाणी तापलेला असतो. बद्रीनाथनं ख्वाजाचा उजवा हात त्या पत्र्यावर दाबून धरला. कातडं जळाल्याचा वास मला दारापर्यंत आला. ख्वाजा बोंबलत होता आन मशीन चालूच होती.

पेपरात आलं, प्रेक्षकांचा गोंधळ. आन दोन दिसांनी साठ्ये साहेबांचं निवेदन आलं. माझ्या चित्रपटाचा कोणत्याही व्यक्तीशी संबंध नाही, माझं पात्र डाव्या पायानं लंगडतं. ग्रामीण भागात काही प्रेक्षक पडद्यामागून चित्रपट पाहतात, त्यातून हा दुर्दैवी गैरसमज झाला.

झालं. म्होरं बसणारे शहाणे गावभर हसायला लागले. मास्तर, तलाठी, कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून राधाकिशन. राधाकिशन सगळ्यात पुढं. डोक्याला फडकं बांधलेली बायडाबाई रस्त्यानं निघाली की म्हणायचा, उलटं बघून आली आन उलटं बोलत सुटली. पोरंसोरं बी तेच म्हणायला लागली. फौजदारानं तिला सांगितलं, पिक्चर काढणाराच न्हाई म्हणतोय, मंग तू कोण?

ख्वाजा, बायडाबाई आन मी पुण्याला गेलो. साहेबांनी चहा दिला. बायडाबाई म्हणाली, तुमी माझ्या घरात बसून ऐकलंत, एवढंच कोर्टात सांगा. साहेब म्हणाले, "वहिनी, मी कलावंत आहे. साक्षीदार नाही." वकिलानं सांगितलं म्हणून पाय बदलला, न्हाई तर पिक्चर अडकला असता, असं त्यांनी लई समजावून सांगितलं.

ख्वाजानं इचारलं, म्हंजे उजवाच होता? साहेबांनी मान हलवली. ख्वाजानं कप फेकला आन जळक्या हातानं त्यांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं. मी बी सोडवायला गेलो न्हाई, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बायडाबाईनंच सोडवलं. म्हणाली, सोड त्याला, आपलं काम त्याच्याकडून होत न्हाई.

पुण्याहून आल्यावर तलवाड्याच्या बाजाराच्या दिवशी ख्वाजानं परत 'गव्हाण' लावायला लावला. आमचा मालक नको म्हणत होता, तर ख्वाजानं पाना हातात घेऊन इचारलं, लावायचा का न्हाई. लागला. संध्याकाळी बायडाबाई मागं जायला निघाली तर त्यानं तिला अडवलं. "बायडाक्का, आज म्होरं बसा. खुर्चीत." तिला मास्तर आन राधाकिशनच्या वळीत बसवलं.

दिवसभर त्यानं सगळी रिळं परत गुंडाळली होती, फिल्मच्या पट्टीला पलटी मारून. असं केलं की म्होरच्यांना उलटं दिसतं. आवाज मात्र जातो, नुसती घरघर येती, म्हणून त्यानं पडद्याजवळचा भोंगाच बंद केला. काल्पनिकची पाटी उलटी आली तवा म्होरच्या शिकलेल्यांना वाचता येईना. ते ओरडले, उलटं लावलंय बे ख्वाजा! ख्वाजानं मशीन चालूच ठेवली. मंग चेअरमन आला. उजव्या पायानं. मास्तर हळूच म्हणाला, हे तर विठ्ठलराव. राधाकिशनचं तोंड पांढरं पडलेलं मी दारातून बघितलं.

पिक्चर मुका चालला होता. गव्हाणीचा सीन आला तवा बायडाबाई उभी राहिली आन सांगायला लागली. सटवा काय बोलला होता, त्याला कुणी धरला, गोणपाटात काय काय होतं. एकदा बी तिचा आवाज कापला न्हाई. पडद्यामागचे लोक तिचं ऐकायला म्होरं येऊन उभे राहिले.

बद्रीनाथ आन दुसरा एक जण ऊसतोडीचे कोयते घेऊन आले ते कनातीखालून, थेट मशीनपाशी. मशीन खुर्च्यांच्या पाठीशी असती. ख्वाजा खाली वाकून नवं रीळ चढवीत होता. पैला वार मानेवर बसला. ख्वाजानं माघारी वळून पाना उचलला, तर दुसऱ्यानं तो हातच तोडला. म्होरच्यांनी मान वळवून सगळं बघितलं. मास्तरनं बघितलं, तलाठ्यानं बघितलं, राधाकिशनच्या अंगावर तर रगत उडालं. मी तंबूचा खुंटा उपसून धावलो आन बद्रीनाथच्या गुडघ्यावर असा हाणला की तो तिथंच बसला. पब्लिकनं दोघांना धरलं, जिवंत ठेवलं हेच नशीब. ख्वाजाचं डोकं बायडाबाईनं मांडीवर घेतलं होतं. त्याच्या आईला, रहिमाबीला, आणेपर्यंत तो राहिला न्हाई. माझा दोस्त गेला. इतक्या वर्षांनी बी हे सांगताना माझं रगत खवळतं.

बीडच्या कोर्टात केस उभी राहिली ती ख्वाजाच्या खुनाची. चेअरमननं मोठा वकील दिला. त्यानं बायडाबाईला इचारलं, बाई, तुमी पडद्यामागून बघणाऱ्या, तुमाला डाव्याचं उजवं दिसतं, कोयता कुणाच्या हातात होता ते तुमी कसं सांगणार? ती म्हणाली, ख्वाजानं मला त्या दिवशी म्होरं बसवलं होतं, आन मी माझ्या डोळ्यानं वळून बघितलं. वकील दुसरं काय इचारायच्या आत ती म्हणाली, माझ्या नवऱ्याला बी ह्यांनीच ढकलला. जज म्हणाले, ती केस हितं न्हाई बाई. तिला खाली बसवलं.

मंग राधाकिशनला बोलावलं. चेअरमन मागच्या बाकावर काठी घेऊन बसलेला होता. राधाकिशननं ख्वाजाचं सगळं सांगितलं. सरकारी वकील म्हणाला, झालं, जा. राधाकिशन पिंजऱ्यातून हलला न्हाई. कठडा घट्ट धरून म्हणाला, "अजून एक हाय साहेब. सटवाला ढकलला. विठ्ठलराव चेअरमननं काठीनं सारला आन बद्रीनाथनं लोटला. मी काट्यावर होतो, मी बघितलं."

चेअरमनचा वकील ओरडायला लागला. जजनं त्याला हातानं गप केलं आन कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. तेवढ्यात बायडाबाई उठली. पट्टेवाला मधी आला तर त्याला तिनं बाजूला सारलं, पिंजऱ्यापाशी गेली आन राधाकिशनच्या मुस्कटात अशी ठेवून दिली की सगळ्या कोर्टात आवाज गेला.

"इतका उशीर कावून केलास रं?" एवढंच म्हणाली आन तिथंच फरशीवर बसून रडायला लागली. गोणपाट सोडलं तवा सुदिक ती रडली न्हवती. तिला उठवायला कुणी पुढं आलं न्हाई. राधाकिशननं गालाला हात बी लावला न्हाई, तो जजकडं बघून म्होरचं सांगायला लागला.